सबनीसकाकांची गाडी सिग्नलला बंद पडते

सबनीसकाकांनी मला एकूण सहा वेळा दोषी ठरवलं. पहिल्यांदा गच्चीवरची टाकी वाहिली तेव्हा, दुसऱ्यांदा जिन्यातला दिवा गेला तेव्हा, आणि पुढची चार वेळा अशाच राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रसंगी. प्रत्येक वेळी आखीव कागदावर, निळ्या शाईत, 'मूळ कारण' अशा मथळ्याखाली एकच ओळ असे: 'मानवी चूक – वरचा भाडेकरू.' खाली त्यांची लफ्फेदार सही. पण एका सहीवर रिपोर्ट बंद होत नाही, साक्षीदाराची दुसरी सही लागते, असा त्यांचा दंडक होता. साक्षीदार आणायचा कुठून? मग ते जिन्यात उभे राहून मलाच हाक मारत. माझ्याविरुद्धच्या सहाही रिपोर्टांवर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

मी पुण्याहून नोकरीसाठी बंगळुरूला आलो आणि राजाजीनगरात त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. काका मूळचे साताऱ्याचे, पण चाळीस वर्षं इथेच. एका सरकारी संशोधन संस्थेत ते बिघाड-तपास विभागाचे प्रमुख होते. एखादं यंत्र मोडलं की ते का मोडलं हे शोधून काढायचं आणि बाजूला व्हायचं, असं ते खातं. मोडलेलं दुरुस्त करणारे लोक वेगळे. त्यांना काका 'ते आपले पानेवाले' म्हणत, आणि त्या 'आपले'मध्ये चाळीस वर्षांची तुच्छता साठलेली असे. निवृत्तीच्या समारंभात कोणीतरी म्हणालं होतं, की सबनीससाहेबांनी एकही रिपोर्ट उघडा ठेवला नाही. हे वाक्य काकांनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की ते नुसतं 'एकही' म्हणाले तरी स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज यायचा, "रिपोर्ट उघडा ठेवला नाही. कॉफी घ्या."

काकांचे नियम दोन. कारण सापडल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही, आणि एका वेळी एकच बदल करायचा. ऐकायला फार शहाणपणाचं वाटतं. ज्या घरात हे पाळतात तिथे जेवून बघावं. एकदा काकूंच्या इडल्या दगड झाल्या. दुसऱ्या कोणा नवऱ्याने सांबार जास्त ओतून घेतलं असतं. काकांनी इडली मधोमध कापली, भिंगातून पाहिली, आणि तपास सुरू केला. पहिल्या रविवारी फक्त उडदाची डाळ बदलली, दुसऱ्या रविवारी फक्त तांदूळ, तिसऱ्या रविवारी फक्त पातेलं. माझे दात त्या तपासात साक्षीला होते. चौथ्या रविवारी काकूंनी न विचारता उप्पिट केलं. मग 'मानवी चूक – सौ.' असा शेरा पडला आणि काकूंनी तो कागद मिठाच्या बरणीखाली घातला. तिथे अजूनही असेल.

आमच्या भागातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा ऐन आरतीच्या वेळी माइक बंद पडला. काका पुढे झाले आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "कोणीही कशाला हात लावू नका." माणसं ताम्हणं घेऊन उभी. काकांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली: शेवटचा आवाज कधी आला, तेव्हा कोण कुठे उभं होतं, पंखा चालू होता का. निरांजनं विझली, पुन्हा लावली, पुन्हा विझली. शेवटी मांडववाल्यांचा वायरमन आला, त्याने भिंतीतला प्लग अंगठ्याने आत दाबला, आणि माइक किंचाळला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका मात्र पांढरेफटक पडले होते. "पुरावा नष्ट केला त्याने," घरी येताना मला म्हणाले. "आता प्लग का निसटला हे कधीच कळणार नाही." त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. आरती झाली याचा आनंद त्यांना शिवला नाही.

अशा माणसाच्या स्वतःच्या दारात एक बिघाड चार वर्षं उभा होता. काळी, दीडशे सीसीची मोटारसायकल. एके वर्षी काका-काकू तीन महिने मुलाकडे पुण्याला राहून आले आणि परत आल्यावर ती सुरूच होईना. टाकीतलं पेट्रोल जुनं होऊन कार्बोरेटरमध्ये सुकलं होतं. काकांनी कार्बोरेटर स्वतः उघडला, साफ केला, मी विजेरी धरली, काकू दारात उभ्या राहिल्या. गाडी सुरू झाली. पळायलाही लागली. फक्त रेस सोडली, की दोन-तीन आचके देऊन गप्प. चढावर वाघ, सपाटीला वाघ, आणि सिग्नलला मेलेली.

काकांना मनातून आनंदच झाला असावा. निवृत्तीनंतर इतका घरंदाज बिघाड त्यांना मिळाला नव्हता. त्यांनी नवी वही घातली. नियमाप्रमाणे एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर दोन-अडीच महिने निरीक्षण. आधी पेट्रोल भरायचा पंप बदलून पाहिला. मग प्लग. मग एअर फिल्टर. मग इंजिनात कुठून चोरून हवा शिरते का हे बघायला त्यांनी सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. इंजिन स्वच्छ झालं, बंद पडायचं काही थांबलं नाही. एक अख्खा उन्हाळा संशय बंगळुरूवर होता. हे शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच, हवा विरळ, म्हणून इंजिन गुदमरतं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "काका, मग बाकीच्या गाड्यांना ही उंची कशी काय मानवते?" त्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. ते माझ्याविषयीच असावं.

शेजारीपाजारी, दूधवाला, समोरचा इस्त्रीवाला, सगळ्यांकडून त्यांनी एक प्रश्नावली भरून घेतली: गाडी बंद पडताना पाहिली आहे का, आवाज कसा होता, धूर दिसला का. इस्त्रीवाल्याने तिन्ही प्रश्नांना 'सरी', म्हणजे 'बरं', एवढंच उत्तर दिलं होतं. काकूंना प्रश्नावली दिली नव्हती, कारण त्या 'वाहनाच्या वापरकर्त्या' नव्हत्या. एकदा भर चौकात गाडी बंद पडून मागून बसने हॉर्न मारल्यापासून त्यांनी मागे बसणं सोडलं होतं.

या काळात काकांनी गाडी चालवायची जी पद्धत शोधली ती बघण्यासारखी होती. सिग्नलला रेस सोडायचीच नाही. पासष्टीचा माणूस, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, पुढे पिशवीत दुधी भोपळा, आणि लाल दिव्यासमोर उभा राहून घ्रूं-घ्रूं करतो आहे. आजूबाजूच्या पोरांना वाटे, आजोबा शर्यत मागताहेत. तीही घ्रूं करत. हिरवा लागला की ती पोरं सुसाट जायची, आणि काका पहिल्या गिअरमध्ये आचके खात भोपळा सावरायचे. पुढे त्यांनी सिग्नल न लागणारे रस्ते हुडकले. राजाजीनगरातून चामराजपेटला जायला सरळ रस्ता असताना ते गल्लीबोळांतून, फक्त डावीकडे वळत, पाऊण तास जास्त घेऊन जात. पहाटे पाचला भाजी आणायला निघत, कारण त्या वेळी सिग्नल नुसते पिवळे मिचमिचतात. हे सगळं ते शांत चेहऱ्याने करत, आणि गाडी बिघडली आहे का असं विचारलं तर म्हणत, "तपास चालू आहे."

या चामराजपेटच्या फेऱ्या असत परशुराम मेस्त्रीकडे. परशुराम निपाणीकडचा, मराठी बोलणारा म्हणून काकू त्याला अण्णा म्हणत. काका त्याच्याकडून सुटे भाग घेत, पण गाडीला हात लावू देत नसत. परशुराम दर वेळी म्हणायचा, "सर, आयडलिंग जरा वाढवतो की. स्क्रूचा एक आटा फिरवला म्हंजे सिग्नलला बंद पडायची न्हाय."

"आणि कारण?" काका विचारत.

"कारण ऱ्हाऊ दे तिथंच. गाडी चालंल."

काका माझ्याकडे वळून म्हणत, "बघितलंस? पानेवाले."

चौथ्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं पूर्ण व्हायची वेळ आली. नोंदणी नव्याने करून घ्यायची, त्यासाठी धुराचं प्रमाणपत्र हवं, आणि धूर तपासताना गाडीने रेस न देता, आपल्या आपण, मिनिटभर उभं राहायला हवं. चार वर्षांत ती दहा सेकंदांवर गेली नव्हती. महिनाअखेरपर्यंत प्रमाणपत्र नाही मिळालं तर गाडी भंगारात, आणि गाडी भंगारात गेली की तपास कायमचा अर्धवट. गाडी गेली असती तर काकांनी दुसरी घेतली असती. पण 'एकही'च्या ठिकाणी 'एक' म्हणायची पाळी येणार होती, आणि ती त्यांना झेपणारी नव्हती. त्या दिवसांत ते जेवताना बोलत नसत. काकूंनी 'कॉफी घ्या' म्हटलं तर घेत, पण आधीचं वाक्य त्या आता म्हणत नव्हत्या.

धूर तपासणाऱ्या टपरीत मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. तिथल्या माणसाने सायलेन्सरमध्ये नळी घातली, काकांनी रेस सोडली, गाडी मेली. पुन्हा सुरू केली, पुन्हा मेली. तिसऱ्या वेळी काकांचा उजवा हात सवयीने हळूच वळला. तो माणूस म्हणाला, "रेस कोडबेडि सार." रेस देऊ नका. आयुष्यभर दुसऱ्याच्या चाचण्यांवर नजर ठेवलेल्या माणसाला एका टपरीवाल्याने लबाडी करताना पकडलं होतं. मी दुसरीकडे पाहिलं. काका गाडी ढकलत बाहेर आले, आणि घरापर्यंत तशीच ढकलत आणली. मध्ये मी दोनदा हात पुढे केला, दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. मी त्यांची चार वर्षं टिंगल केली होती, पण त्या दिवशी मला त्यांची दया आली, आणि दया आली याचाच जास्त त्रास झाला.

रविवारी सकाळी दारात परशुराम. त्याला काकूंनी फोन करून बोलावलं होतं. "अण्णा, स्वल्प बघून जा," त्या म्हणाल्या, आणि काकांकडे वळून, "तो फक्त उघडून बघेल. काही फिरवणार नाही. तुमचा नियम मोडत नाही."

काकांनी बराच विचार करून परवानगी दिली. बघायला हरकत नाही, स्क्रूला हात लावायचा तो उघडण्यापुरता. परशुरामने अंगणात पोतं पसरलं, कार्बोरेटर उतरवला, आणि त्यातून तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा एक पितळी तुकडा काढला. त्याला जेट म्हणतात. त्याच्या बारीक भोकातून, इंजिन हळू चालताना, पेट्रोल येतं. त्याने तो उन्हासमोर धरून एक डोळा मिटला. मग डोळा बदलून पुन्हा पाहिलं.

"ह्यात सुई कुणी घातली ओ?"

चार वर्षांपूर्वी त्या भोकातला घट्ट झालेला मळ निघेना, तेव्हा काका आत जाऊन शिवणाची सुई घेऊन आले होते आणि त्यांनी ती त्यात घालून चांगली गोल फिरवली होती. विजेरी माझ्या हातात होती. मी नारळाच्या झाडाकडे बघू लागलो.

"सुई घातली तर काय होतं?" काकांनी विचारलं. आवाज अगदी विभागप्रमुखाचा होता.

"भोक मोठं होतंय सर. पितळ मऊ असतंय. मग पेट्रोल जादा येतंय. रेस दिली की कळत न्हाय, पण सोडली की इंजिनाच्या नाकातोंडात जातंय, गुदमरतंय ते." त्याने खिशातून नवा जेट काढला. तो येतानाच घेऊन आला होता. "कुणी का घातली असंना. नवीन बसवतो, विषय संपला."

"विषय कसा संपला?" काका म्हणाले. "कुणी घातली हाच विषय आहे."

परशुरामने माझ्याकडे पाहिलं, मी काकूंकडे, आणि काकू आत जाऊन त्याच्यासाठी चहा टाकू लागल्या. पंधरा मिनिटांत गाडी जोडून झाली. त्याने ती सुरू केली, रेस सोडली, आणि पोत्यावर बसून सावकाश चहा प्यायला. चहा संपेपर्यंत गाडी चालू होती. दुसऱ्या दिवशी धूर पास झाला, आठवड्यात नोंदणीही झाली.

दुसरा कोणी असता तर त्याने पेढे वाटले असते. काका तीन दिवस दार लावून रिपोर्ट लिहीत होते. चौथ्या दिवशी जिन्यातून हाक आली. मी खाली गेलो. चार वर्षांचा तपास सात पानांत बसवला होता, आकृत्या होत्या, भोकाचा व्यास होता. शेवटच्या पानावर मूळ कारण: 'घरगुती वापराच्या सुईची अप्रमाणित जाडी.' आणि खाली, जिथे नेहमी माणसाचं नाव येतं, तिथे 'पुरवठादार – सौ. सुमती सबनीस.'

मी ती ओळ दोनदा वाचली. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. सुई कोणी फिरवली ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही काकांनी पेन पुढे केलं तेव्हा मी ते घेतलं. सहा वेळा खोट्यावर सही केली की सातव्यांदा हात आपोआप पुढे होतो. घरमालकाशी वाकडं कशाला घ्या, असाही एक विचार होता, तो लपवून काय उपयोग.

काकू हात पुसत बाहेर आल्या. "बघू," म्हणाल्या. चष्मा लावून त्यांनी सातही पानं वाचली, अगदी आकृत्यांसकट. मग माझ्या हातातून पेन घेऊन शेवटच्या ओळीखाली लिहिलं: 'सुई दिलेली नाही. माझ्या डबीतून न विचारता घेतली. परत ठेवली तेव्हा टोक बोथट होतं.' आणि साक्षीदाराच्या जागी सही केली.

"हे तुझं मत झालं," काका म्हणाले.

"मत कसलं? मी दारात उभी होते. त्या दिवसापासनं गाडी बंद पडते. त्याच्या आधी कधी पडली नव्हती."

"हे तुला माहीत होतं?"

"हो की."

"चार वर्षं? मग बोलली का नाहीस?"

"दूधवाल्याला विचारलंत, इस्त्रीवाल्याला विचारलंत." काकूंनी चष्मा काढला. "मला कुठं विचारलंत?"

त्या आत गेल्या. कुकर लावल्याचा आवाज आला. काका कागदाकडे बघत बसले. मी उठायला लागलो तर म्हणाले, "बस." मग 'पुरवठादार'ची ओळ पट्टी धरून खोडली, आणि तिथे लिहिलं: 'मानवी चूक – वि. ग. सबनीस, माजी विभागप्रमुख.' 'माजी विभागप्रमुख' लिहायची काही गरज नव्हती, पण सवय जात नाही.

"तिकडे आनेकल गावात रंगप्पा म्हणून असतो," ते एकदम म्हणाले. हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. "आमच्याकडे टेक्निशियन होता. एका पंपाचं सील उलटं बसलं, चाचणीत पंप फुटला. मी त्याचं नाव लिहिलं. त्याची बढती गेली, ती गेलीच."

"त्यानेच बसवलं होतं?"

"सील उलटं होतं हे नक्की." काका पेनाचं टोपण लावत होते, ते काही लागत नव्हतं. "त्या दिवशी ड्यूटीवर त्याचं नाव होतं. मी त्याला विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती, मिलिंद. नाव असायचं, मी लिहायचो."

त्यांच्या आवाजात असं काही मी कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला हैदराबादला नोकरी मिळाली. मी निघालो त्या सकाळी काकाही निघायच्या तयारीत होते. हेल्मेट, पांढरा शर्ट, आणि टाकीवर रबराने बांधलेली जुनी फाइल. निरोपाचं वगैरे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. "आनेकलला जातोय," म्हणाले.

"माफी मागायला?" मी विचारलं. इतक्या वर्षांचा टवाळपणा असा जाता जात नाही.

"छे," काका म्हणाले. "रिपोर्ट पुन्हा उघडायचा आहे. एका साक्षीदाराला विचारायचं राहिलं."

काकू फाटकात उभ्या होत्या. त्यांनी फाइलचा रबर एकदा ओढून पाहिला आणि मला डबा दिला. माझी ऑटो आली, सामान चढवलं, आम्ही निघालो.

मोठ्या रस्त्याच्या सिग्नलला ऑटो थांबली तर शेजारीच काका. त्यांनी मला पाहिलं नाही. गाडी संथ चालू होती, उजवा हात मांडीवर होता. हेल्मेटची काच वर होती आणि ओठ हलत होते. आधी मला वाटलं स्तोत्र म्हणताहेत. पण ते थोडं म्हणायचे, थांबायचे, मान हलवायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. दिवा हिरवा झाला. मागचे हॉर्न मारायला लागले. माझा ऑटोवाला डोकं बाहेर काढून म्हणाला, "होगि सार, ग्रीन बंतु." काकांनी ऐकलं नाही. आमची ऑटो पुढे गेली, मी मागे वळून पाहिलं. गाड्या त्यांना वळसा घालून जात होत्या, आणि दिवा पुन्हा लाल झाला तरी ते तिथेच उभे राहून रंगप्पाला म्हणायचं ते एक वाक्य जुळवत होते.